काचेचा बूट आणि अकराचा ठोका

लंडनच्या सेंट जेम्स भागात किंग स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता आहे. 1765 साली तिथे 'आल्मॅक्स' नावाचं नाचघर सुरू झालं. मूळची वास्तू दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेली. पण सुरुवातीच्या दोन पिढ्यांत इंग्लंडच्या बड्या घरांतल्या कितीतरी लग्नाळू मुलींचं नशीब इथल्या बुधवारच्या रात्रींनी ठरवलं होतं.

1814 सालातला असा एक बुधवार डोळ्यांसमोर आणा. दारात घोडागाड्यांची रांग लागली आहे. आत मेणबत्त्यांची झुंबरं पेटली आहेत. नाचणाऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून बड्या नाचांच्या वेळी जमिनीवर खडूने नक्षी काढत. आपल्या रांगोळीसारखीच, फक्त पुसली जाण्यासाठीच काढलेली. खायला पातळ कापलेला पाव आणि लोणी, प्यायला चहा किंवा लिंबाचं सरबत. कोणत्याही खानावळीत याहून बरं जेवण मिळालं असतं. पण या दारातून आत यायला नुसता पैसा पुरत नसे. सात प्रतिष्ठित बायका बसून यादी करत आणि त्यांनी नाव लिहिलं तरच प्रवेशचिठ्ठी मिळे. रात्री अकरा वाजता दार बंद होई, ते मग कोणासाठीही उघडत नसे. खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टनला इथून परत जावं लागल्याची गोष्ट त्या काळच्या आठवणींमध्ये सांगितली जाते.

सिंड्रेलाला रात्री बाराच्या आत नाचघरातून बाहेर पडायचं होतं. आल्मॅक्सला निघालेल्या मुलीला अकराच्या आत पोचायचं होतं. एकीचा ठोका परतीचा, दुसरीचा प्रवेशाचा. या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत इंग्रजी साहित्यातलं एक खेळकर, मनमोकळं घराणं नांदतं. परीकथेच्या बीजावर वाढलेली रीजन्सी काळातली प्रेमकहाणी, हे ते घराणं. हलकंफुलकं वाचन म्हणून त्याला फार हिणवलं गेलं. मी मात्र गेली पंचवीस वर्षं या कादंबऱ्या प्रेमाने वाचते आहे, आणि त्यांच्या हसण्यात एक फार मोलाचा प्रश्न दडलेला आहे, असं मला मनापासून वाटतं. तो प्रश्न असा: बूट बसला म्हणजे माणूस ओळखलं का?

नऊ वर्षांचं आटपाट नगर

रीजन्सी म्हणजे राजप्रतिनिधीचा काळ. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनाच्या आजाराने राज्य करण्याच्या पलीकडे गेला, तेव्हा 6 फेब्रुवारी 1811 रोजी त्याच्या थोरल्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून शपथ घेतली. 29 जानेवारी 1820 रोजी राजा वारला आणि हा काळ संपला. एवढीच नऊ वर्षं. पण त्यात वाटर्लूची लढाई झाली, ब्रायटनच्या राजवाड्यावर हिंदुस्थानी घुमट चढू लागले, आणि हॅम्पशायरमधल्या चॉटन गावात एका बाराकोनी छोट्याशा टेबलाशी बसून जेन ऑस्टिनने मराठी वाचकांच्याही ओळखीच्या झालेल्या कादंबऱ्या छापखान्याकडे धाडल्या. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' 1811 ची, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 ची. 'एमा' 1815 च्या अखेरीस आली, ती प्रिन्स रीजंटला अर्पण करून.

परीकथांचं नशीबही याच वर्षांत पालटत होतं. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने 1697 साली सिंड्रेलाला काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि परीआजी दिली. 1729 मध्ये तिने इंग्रजीत पाऊल टाकलं. 'ब्यूटी अँड द बीस्ट'चा जो आटोपशीर अवतार आज आपण सांगतो, तो तर लंडनमध्येच प्रसिद्ध झाला, 1756 साली. तो लिहिणाऱ्या मादाम द बोमाँ तिथे बड्या घरच्या मुलींना शिकवत असत. त्या मुलींना पुढे कुणा अनोळखी माणसाशी लग्न करून त्याच्या घरी जायचं होतं. भीतीदायक वाटणाऱ्या घरात शिरलेल्या मुलीची गोष्ट शिक्षिकेने त्यांच्या हाती दिली, आणि त्या गोष्टीतला प्राणी रोज रात्री लग्नाला होकार मागतो, पण नकार मिळाला तर ऐकून घेतो. हे ऐकून घेणं मला त्या कथेतल्या सगळ्या जादूपेक्षा मोठं वाटतं.

ग्रिम बंधूंच्या कथांचा पहिला भाग डिसेंबर 1812 मध्ये निघाला, दुसरा 1815 मध्ये. म्हणजे एलिझाबेथ बेनेट आणि ग्रिमची सिंड्रेला यांच्या जन्मात जेमतेम महिन्याभराचं अंतर आहे. 1817 च्या जानेवारीत रोममध्ये रोसिनीचा सिंड्रेलावरचा ऑपेरा रंगमंचावर आला. त्यात परी नाही, भोपळा नाही, बूटही नाही. परीच्या जागी राजपुत्राचा तत्त्वज्ञ गुरू आहे. निघताना मुलगी आपल्या हातातल्या कड्यांच्या जोडीपैकी एक कडं राजपुत्राला देते आणि सांगते की मला शोधून काढ, मी खरी कशी आहे ते बघ, मग ठरव. पेरोच्या सिंड्रेलाचा बूट पळताना पडला होता. रोसिनीची नायिका खूण स्वतःच्या हाताने देते. पुढे दीडशे-दोनशे वर्षं रीजन्सी प्रेमकथा ज्या वाटेने चालल्या, ती वाट इथे दिसू लागते.

भोपळ्याची गाडी कोण पाठवतं?

परीकथेतून जादू काढून घेतली तर तिच्या जागी काय ठेवायचं? या कादंबऱ्यांची खरी कारागिरी इथे आहे. उत्तर त्या काळाच्या व्यवहारात सापडतं.

परीआजीच्या जागी येते लंडनमधली एखादी ओळखीपाळखीची वडीलधारी बाई. वसंतात लंडनचा 'सीझन' सुरू झाला की खेड्यातल्या मुलीला कोणी तरी आपल्या घरी ठेवून घ्यायला हवं, चार घरी न्यायला हवं, शिंप्याची बिलं भागवायला हवीत. 'स्लीपिंग ब्यूटी'च्या बारशाला पेरोने सात पऱ्या बोलावल्या होत्या. 1814 च्या आठवणी लिहिणाऱ्या कॅप्टन ग्रोनोने आल्मॅक्सच्या आश्रयदात्या बायकांची नावं दिली आहेत, त्याही सातच भरतात. लेडी जर्सी, लेडी कॅसलरे, लेडी काउपर, लेडी सेफ्टन, मिसेस ड्रमंड बरेल, प्रिन्सेस एस्टरहाझी आणि काउंटेस लीव्हन. त्यांचा वरही चाले आणि शापही.

भोपळ्याच्या जागी येतात गाड्या. कोणाची दोन घोड्यांची, कोणाची चार घोड्यांची, कोणाची भाड्याची. खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर दिवे नसत, म्हणून नाचाचे समारंभ पौर्णिमेच्या आसपास ठरवत. चांदण्याचं कारण प्रेमाआधी रस्त्याच्या खड्ड्यांत होतं.

आणि बूट? नाचाचे जोडे रेशमी किंवा साटिनचे, तळ अगदी पातळ. रात्रभर नाचलं की त्यांची पार दशा होई. 1798 च्या नाताळात तेवीस वर्षांची जेन बहिणीला लिहिते की नाचात वीस फेऱ्या झाल्या आणि वीसही मी नाचले, तरी थकवा नाही. ग्रिमच्या 1815 च्या भागात बारा राजकन्यांची गोष्ट आहे. रात्री कुलूपबंद खोलीत झोपलेल्या त्या मुलींचे जोडे सकाळी झिजलेले सापडतात. ती अद्भुत म्हणून सांगितली जाते, पण त्या काळच्या घरोघरच्या मोलकरणींनी ती सकाळ पाहिलेली असणार. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये नेदरफील्डच्या नाचाआधी चार दिवस पावसाची झड लागते आणि बेनेट बहिणींना जोड्यांवर लावायची रिबिनीची फुलंसुद्धा दुसऱ्याकरवी मागवावी लागतात. लग्नाच्या तोंडावर पाऊस लागून गजरे कोण आणणार या काळजीत पडलेलं घर ज्याने पाहिलंय, त्याला हा एक तपशील पुरे आहे.

सावत्र आई मात्र या कादंबऱ्यांत बहुधा एकटी दुष्ट नसते. तिच्या पाठीशी कायदा उभा असतो. लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई; ही व्यवस्था मोडणारे मोठे कायदे 1870 आणि 1882 मध्ये आले. जमीनजुमला बहुतेकदा थोरल्या मुलाला किंवा लांबच्या पुरुष नातेवाइकाला मिळे. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेलं मूल कायद्याच्या लेखी कोणाचंच नसे. एकवीस वर्षांखालच्या मुलीला परवान्यावर लग्न करायचं तर बापाची संमती लागे. म्हणून पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीतलं ग्रेटना ग्रीन गाठत. राख काढणारी मुलगी राखेतच का राहते, याचं उत्तर परीकथेत सावत्र आईच्या स्वभावात आहे. इथे ते मृत्युपत्रात आणि कायद्याच्या पुस्तकात मिळतं, आणि म्हणून सुटकेची किंमतही कळते.

असईहून परतलेला राजपुत्र

या जगाशी आपल्या मातीचा एक धागा जोडलेला आहे. रीजन्सी कादंबरीतल्या नाचघरात वेलिंग्टन आला की सगळ्यांच्या माना वळतात. तो वेलिंग्टन घडला तो आपल्याकडे, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ. 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, तिथे शिंदे आणि भोसले यांच्या एकत्रित फौजेशी लढाई दिली. पुढे म्हातारपणी, लढाईच्या मैदानावर तुम्ही केलेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं विचारल्यावर वाटर्लूऐवजी त्याने असईचं नाव घेतलं, असं नमूद आहे.

त्याच्या लग्नाची गोष्टही परीकथेच्याच साच्यातली आहे. 1793 च्या सुमारास आयर्लंडमध्ये त्याने किटी पॅकनमला मागणी घातली. घरच्यांनी नाही म्हटलं, कारण हा कर्जबाजारी धाकटा मुलगा. अपमान गिळून त्याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि पुढे हिंदुस्थानची वाट धरली. दख्खनच्या आणि म्हैसूरच्या मोहिमांतून नाव आणि पैसा घेऊन तो 1805 मध्ये परतला. दिलेला शब्द स्मरून त्याने किटीला पत्रानेच पुन्हा मागणी घातली, तिला न भेटता. मधल्या वर्षांत ती बदलली होती, आजारी पडून खंगली होती. मी पूर्वीची राहिलेले नाही, हे तिने कळवलंही. 1806 च्या एप्रिलमध्ये डब्लिनला लग्न झालं आणि तो संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला नाही.

मला ही गोष्ट चटका लावते. शब्द पाळणारा, पराक्रमी, श्रीमंत होऊन परतलेला राजपुत्र. वाट पाहणारी मुलगी. परीकथेला लागतं ते सगळं होतं. फक्त त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. जपून ठेवलेला बूट घेऊन तो आला, पण ती आता कोण आहे हे त्याने विचारलंच नाही.

चांदीच्या पोशाखातलं हसू

त्या काळात एक खरीखुरी राजकन्याही होती. प्रिन्स रीजंटची एकुलती एक मुलगी शार्लट. सिंहासनाची वारस. आईबाप विभक्त, बाप संशयी, पहारा कडक. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' वाचून तिने 1812 मध्ये मैत्रिणीला कळवलं होतं की त्यातल्या मरिअनमध्ये मला मीच दिसते.

बापाने तिच्यासाठी हॉलंडचा राजपुत्र ठरवला. आपल्याला देश सोडून जावं लागणार, हे लक्षात आल्यावर 1814 मध्ये तिने लग्न मोडलं. बाप चिडला. 12 जुलैच्या संध्याकाळी येऊन त्याने तिच्या सगळ्या सख्या-सोबतिणींना काढून टाकल्याचं आणि तिला विंडसरजवळ एकान्तात पाठवणार असल्याचं सांगितलं. अठरा वर्षांची शार्लट जिना उतरून थेट रस्त्यावर आली, आयुष्यात पहिल्यांदा भाड्याची घोडागाडी केली आणि आईच्या घरी पळाली. दुसऱ्या दिवशी तिला परत यावं लागलं. पण साऱ्या लंडनला कळलं की राजकन्येला हो म्हणायला लावणं इतकं सोपं नाही. सिंड्रेला गाडीतून राजवाड्याकडे गेली होती. ही राजवाड्यातून गाडीकडे धावली.

2 मे 1816 रोजी तिने स्वतः पसंत केलेल्या लिओपोल्डशी तिचं लग्न झालं. तो जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानाचा धाकटा राजपुत्र, हातात फारसा पैसा नसलेला. तिचा चांदीच्या जरीचा पोशाख राजघराण्याच्या संग्रहात आजही जपलेला आहे. विधीत नवऱ्याने 'माझी सारी ऐहिक संपत्ती तुला अर्पण' अशा अर्थाची शपथ घ्यायची असते. लिओपोल्डने ती घेतली तेव्हा शार्लटला हसू आवरलं नाही, असं सांगतात. त्या हसण्यात उपहास नव्हता. आपल्या माणसाची गंमत करता येते अशा घरात आपण चाललो आहोत, हे कळल्याचं ते हसू असावं. चांगल्या रीजन्सी कादंबरीचा सूर कसा असतो, असं कोणी विचारलं तर मी या एका हसण्याकडे बोट दाखवीन.

दीड वर्षाने, 5 नोव्हेंबर 1817 च्या रात्री, दोन दिवसांच्या प्रसूतिवेदनांनंतर तिला मृत मुलगा झाला. 6 नोव्हेंबरला पहाटेपूर्वी ती गेली. वय एकवीस. देशभर असा शोक झाला की काळं कापड मिळेनासं झालं. आपल्याकडे तोच 5 नोव्हेंबर खडकीच्या लढाईचा. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. इंग्लंडच्या राजवाड्यात आणि पुण्याच्या वाड्यात एकाच पंधरवड्यात दोन वेगळे अंधार उतरले होते, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं दुःख ठाऊक नव्हतं.

सुखान्त कथा लिहिणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं. 1816 मध्ये उन्हाळा असा झालाच नाही, पिकं गेली. 1819 च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागणाऱ्या लोकांवर घोडेस्वार घातले गेले. चहातली साखर गुलामांच्या श्रमाची होती. या काळावर हलकीफुलकी गोष्ट लिहायची तर यातलं बरंच चौकटीबाहेर ठेवावं लागतं, आणि वाचताना आपण त्याची आठवण ठेवावी. पण एखाद्या मुलीचं भलं झालेलं पाहावंसं वाटणं, तिने हसत घरात पाऊल टाकावं असं वाटणं, ही इच्छा खोटी नाही. शार्लटसाठी ती साऱ्या देशाने केली होती.

फ्रेडी आणि दात घासायचा ब्रश

माझी या कादंबऱ्यांशी गाठ घालून दिली मावशीने. गिरगावात तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेली जुनी पुस्तकं असत. त्यात जॉर्जेट हेअरचं 'कोटिलियन' होतं. पानं पिवळी, पाठ डिंकाने चिकटवलेली. दहावीची परीक्षा संपल्यावर ते माझ्या हातात देत मावशी म्हणाली, "वाच. पण राजपुत्र कोण ते आधीच ठरवून टाकू नकोस."

जॉर्जेट हेअर 1902 मध्ये विम्बल्डनला जन्मली आणि 1974 मध्ये गेली. पहिली कादंबरी 1921 ची. आजारी धाकट्या भावाला रिझवण्यासाठी रचलेल्या गोष्टीतून ती जन्मली. रीजन्सी काळावरची पहिली 1935 ची. गाड्या, टोप्या, तपकिरीच्या डब्या, वस्तूंच्या किमती, त्या काळची बोली, सगळ्याच्या टिपणवह्या तिने ठेवल्या होत्या. आज जगभर ज्याला रीजन्सी रोमान्स म्हणतात, त्याचं जोतं तिने बांधलं.

परीकथेचा साचा ती लपवत नाही. 1949 च्या 'अराबेला'मध्ये यॉर्कशायरच्या पाद्र्याची मुलगी लंडनला येते, ती खरोखरच आपल्या धर्ममातेच्या बोलावण्यावरून. श्रीमंत बोमॅरिसला वाटतं, हीसुद्धा आपल्या पैशावर टपलेली. त्याचं बोलणं कानावर पडताच संतापून ती म्हणून जाते की मी स्वतःच मोठी वारसदार आहे. मग सगळं लंडन तिच्या मागे. पण बोमॅरिसचं हृदय तिच्या रूपाने पालटत नाही. ती त्याच्या गळ्यात एक धुराडी साफ करणारा मार खाल्लेला पोरगा घालते, नंतर रस्त्यावरचं एक केविलवाणं कुत्रं. तो दोघांना घरी नेतो. रीजन्सी राजपुत्राची परीक्षा अशी होते.

'कोटिलियन' 1953 चं. किटी चेअरिंग ही एका कंजूष म्हाताऱ्याने सांभाळलेली अनाथ मुलगी. म्हातारा जाहीर करतो: माझ्या नात्यातल्या या पोरांपैकी एकाशी लग्न केलंस तर सगळी संपत्ती तुझी, नाही तर छदामही नाही. किटीचं मन देखण्या, रुबाबदार जॅकवर, पण तो आलेलाच नाही. रागाने ती बर्फातून चालत खानावळीत पोचते. तिथे फ्रेडी जेवत बसलेला असतो. फ्रेडी श्रीमंत आहे, कपड्यांचा शौकीन आहे आणि घरातल्या सगळ्यांच्या मते डोक्याने बेताचा आहे. महिनाभर आपण वाङ्‌निश्चय झाल्याचं नाटक करू आणि मला लंडन दाखव, अशी ती त्याला गळ घालते. भोळा फ्रेडी हो म्हणतो.

मग लंडन. फ्रेडी तिला कोणता रंग शोभेल ते सांगतो, शिंपिणीकडे नेतो, वेस्टमिन्स्टर ॲबी दाखवतो. ग्रीसहून आणलेल्या एल्जिन शिल्पांपुढे उभा राहून, पैसे देऊन डोकी नसलेले पुतळे दाखवतात म्हणजे काय, असा मनापासून संतापतो. मी दहावीच्या सुट्टीत तिथे हसून हसून लोळले होते. अर्ध्या वाटेवर किटी एके ठिकाणी म्हणते की फ्रेडीला राक्षस मारता येणार नाहीत हे खरं. पण राक्षस मारणाऱ्या वीरांना चारचौघांतल्या अडचणीतून कोणाला सोडवता येत नाही, आणि आपल्याला राक्षस मारणाऱ्याची गरज तरी कुठे पडते!

किटीची एक गरीब मैत्रीण असते, ऑलिव्हिया. तिच्या सौंदर्यावर आई सौदा करायला निघालेली असते. ती एका फ्रेंच तरुणाबरोबर पळून जाते, नेसत्या कपड्यांनिशी. पळून जाण्याच्या थरारात सगळे बुडालेले असताना फ्रेडीच्या लक्षात येतं की या मुलीजवळ काहीच सामान नाही. तो तिच्यासाठी कंगवा आणि दात घासायचा ब्रश विकत घेतो.

काचेच्या बुटापुढे हा ब्रश काय? पण त्या पानाशी आलं की फ्रेडी कोण आहे, हे किटीच्याही आधी वाचकाला उमजतं. प्रवासाला निघालेल्या मुलीला उद्या सकाळी काय लागेल, याचा ज्याने विचार केला, त्याने तिला माणूस म्हणून पाहिलं. वेलिंग्टनच्या किटीला हेच मिळालं नव्हतं. हेअरने आपल्या नायिकेला तेच नाव का दिलं, मला ठाऊक नाही. पण वाचताना माझ्या मनात त्या दोघी शेजारी बसतात.

हातमोजा, मुंबई आणि 'ताई'

हेअरनंतर हे घराणं अमेरिकेत फोफावलं. ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेतली तिसरी कादंबरी 2001 ची, उघडउघड सिंड्रेलाची. सोफी बेकेट ही एका अर्लची अनौरस मुलगी. त्याच्यामागे सावत्र आई तिला मोलकरणीसारखी राबवते. 1815 च्या मुखवट्यांच्या नाचात तिची बेनेडिक्ट ब्रिजर्टनशी गाठ पडते आणि मागे राहतो तो बुटाऐवजी हातमोजा. पुढे तो तिला मोलकरणीच्या वेशात भेटतो आणि ओळखत नाही. हाच या कादंबरीचा गाभा. मुखवट्यामागची बाई त्याने वर्षानुवर्षं मनात जपली, आणि समोर उभी असलेली दिसेना. दोघींना एकच म्हणून पाहायला त्याला सारी कादंबरी लागते. शेवटी सोफीवर चोरीचा आळ येतो, तेव्हा सावत्र बहिणींपैकी पोझी तिच्या बाजूने उभी राहते. परीकथेत ज्या बहिणीला फक्त मोठं पाऊल मिळालं होतं, तिला इथे मन मिळालं.

एलॉइसा जेम्सनेही परीकथांवर मालिकाच लिहिली. सिंड्रेलावरची 2010 मध्ये, ब्यूटी अँड द बीस्टवरची 2011 मध्ये. हे टोपणनाव आहे मेरी ब्लाय यांचं. त्या न्यूयॉर्कमध्ये शेक्सपिअर शिकवणाऱ्या प्राध्यापक. कबीर आणि मीरा इंग्रजीत नेणारे कवी रॉबर्ट ब्लाय हे त्यांचे वडील.

2020 च्या नाताळात ब्रिजर्टन पडद्यावर आलं आणि 2022 च्या दुसऱ्या पर्वात शर्मा बहिणी मुंबईहून लंडनला उतरल्या. धाकटी थोरलीला 'दीदी' म्हणते, वडिलांना दोघी 'अप्पा', थोरली धाकटीला बंगालीत 'बोन'. लग्नाआधी हळद लागते. मुंबईहून आलेल्या मुलींच्या तोंडी एकदा तरी 'ताई' यायला हवं होतं, असं मला फार वाटलं. त्या काळी मुंबईहून लंडनला केपला वळसा घालून जहाजाने जायला पाच-सहा महिने लागत. इंग्लंडहून उलट दिशेने लग्नासाठी येणाऱ्या मुली मात्र खऱ्या होत्या. जेन ऑस्टिनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया 1752 मध्ये एकटी जहाजात बसली आणि मद्रासच्या बाजूला येऊन कंपनीच्या एका डॉक्टरशी लग्न करती झाली. हुंडा नसलेल्या मुलीला भोपळ्याऐवजी कंपनीचं गलबत मिळालं होतं.

सुफळ संपूर्ण

आपल्याकडे बूट घालून पाहण्याचा प्रकार कांदेपोह्यांच्या बशीभोवती चाले. मावशीला तो 1975 च्या आगेमागे पाच वेळा सोसावा लागला. चालून दाखव, वाचून दाखव, चष्मा कायमचा आहे का, गाणं येतं का. चार घरांतून निरोप आलाच नाही, किंवा नाही म्हणून आला. पाचव्या वेळी काका आले. उंची बेताची, बोलणं कमी. त्यांच्या आईने विचारायचं ते विचारून घेतलं. मावशी बश्या देऊन भिंतीशी जाऊन उभी राहिली. सगळ्यांचं खाणं उरकत आलं तेव्हा काकांनी आपली बशी खाली ठेवली आणि थेट तिच्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही खाल्लंत का?"

खोलीत कोणालाच काय उत्तर द्यावं सुचेना. मावशीला मात्र हसू फुटलं, कारण सकाळपासून तिने खरंच काही खाल्लं नव्हतं.

'कोटिलियन'ची ती प्रत आता माझ्याकडे आहे. फ्रेडी ब्रश घेतो त्या पानाचा कोपरा कधी तरी दुमडलेला आहे. मी एकदा विचारलं, ही खूण तुझी का? मावशी म्हणाली, "माझी नाही गं. काकांनी वाचलं होतं ना ते, लग्नानंतर. इंग्रजी येतं का म्हणून मी परीक्षा घेतली होती."